भर बैठकीत लागलेली झोप

धाकटे,

आधी भांडण, मग खुशाली. मी परगावी निघाले तेव्हा तू फोनवर म्हणालीस, "जा गं ताई, तेवढाच हवापालट." हवापालट! ज्या हॉटेलात मला ठेवलं त्याच्या खिडक्या उघडतच नाहीत. आतली हवा आतच फिरते, आणि तीही गारठलेली. भर दुपारी शाल पांघरून बसले होते. यापुढे जे तुला माहीत नाही त्याचा सल्ला मला देऊ नकोस.

आता रीतीचं. तुला थोरल्या बहिणीचा आशीर्वाद, भावजींना नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? (लांबण लावू नकोस, दुखतात की नाही एवढंच कळव.) इकडे सगळे धडधाकट आहेत.

तर झालं असं. आपला उशांचा कारखाना (तू त्याला अजून 'ती खोली' म्हणतेस, पण पाटी कारखान्याची आहे) वर्षभर कसाबसा तग धरून होता. त्या मोठ्या हॉटेलाची ऑर्डर मिळाली तर ठीक, नाहीतर शिवणाऱ्या बायांना घरी बसवायचं, हे उघड होतं. नात म्हणाली, मी एकटी जाऊन येते. मी म्हटलं, कारखाना माझा, बोलणार मी. तिने लगेच माझंही तिकीट काढलं. पूर्वी भांडायची ते बरं होतं. मग प्रवासभर कानात ती बोंडं घालून कुणा साहेबाचं भाषण ऐकत राहिली. धंद्यासाठी चार गावं फिरलं की माणूस आतून कसा वाढतो, दहा माणसांना कसं चालवतो, असलं काहीतरी. एक बोंड माझ्याही कानात कोंबलं. साहेब सांगत होता, हातातलं सोडायला शिका. माझ्या हातात तेव्हा विमानातला गरम चहा होता. शिकले असते तर शेजाऱ्याची मांडी भाजली असती.

पण वर शांत असतं गं. खाली ढग अंथरलेले. सगळे म्हणतात कापसासारखे दिसतात. मी नीट पाहिले, पिंजण काही बरी नव्हती, गाठी राहिल्या होत्या. तरी त्यावर ऊन असं सांडलं होतं की मी गाठी बघायचं सोडून दिलं. वाटलं, आपण कुठेच जात नाही आहोत, खालून कुणीतरी जमीनच हळूहळू ओढून घेतंय. हॉटेलातही तेच. बोळात जाजम इतकं जाड की आपलं पाऊल आपल्याला ऐकू येत नाही. मी चालत होते, पण चालतेय याला काही पुरावा नव्हता. दोन्ही बाजूंना एकसारखी दारं. वाटत राहिलं, यातल्या एखाद्या दारातून मीच बाहेर येईन आणि मला विचारीन, "कोण हवंय?"

दुसऱ्या दिवशी बैठक. समोर हॉटेलचे खरेदीवाले साहेब. त्यांनी आपली उशी दोन बोटांनी दाबली आणि म्हणाले, "जरा कडक वाटते." दोन बोटांनी! आपल्याकडची पद्धत तुला ठाऊक आहे, आधी उशीवर डोकं टेकायचं, मग तिच्याबद्दल तोंड उघडायचं. (तुझ्या लग्नातल्या उशाही अशाच पास झाल्या होत्या.) म्हणून मी उठले. भिंतीला लागून कोच होता, त्यावर उशी ठेवली, चपला काढल्या आणि आडवी झाले. नुसतं दाखवायला. आणि धाकटे, मला झोप लागली.

स्वप्नात मी कापसाच्या ढिगावर बसले होते आणि ढीग होडीसारखा चालला होता. शिवणाऱ्या बाया काठावर उभ्या राहून काही सांगत होत्या, ऐकू येत नव्हतं. इकडे वळवा म्हणून मी ओरडत होते, पण ढिगाला वल्हं कुठून असणार? मग त्यांच्यातला एक आवाज स्पष्ट झाला, आणि तो नातीचा निघाला. मला जाग आली होती. डोळे तेवढे उघडले नव्हते.

साहेब हलक्या आवाजात म्हणत होते, कापूस वर्षभरात बसतो, त्यापेक्षा फोम भरा. नात म्हणाली, "फोम नाही भरणार. पण खोळीला चेन लावू. कापूस बसला की उशा आमच्याकडे पाठवा, पिंजून, भरून परत देऊ." चेन! जन्मभर मी हातटाक्याशिवाय उशी बंद होऊ दिली नाही. चेन मागणारी गिऱ्हाइकं मी दारातून परत पाठवलीत. रक्त उसळलं. उठून सांगणार होते, की या पोरीचं काही धरू नका. पण उठले असते तर मी बोलले असते, आणि मी बोलले की पुढे काय होतं ते तू पाहिलंयस. त्या काठावरच्या बाया अजून मिटल्या डोळ्यांत उभ्या होत्या. मी डोळे मिटूनच ठेवले. (इतकं अवघड काम आजवर केलेलं नाही, बाळंतपणं धरून.) साहेबांनी कागदावर काहीतरी खरडल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "आजींना उठवू नका. आपण बाहेर बसून कागद करू."

परतताना नातीने विचारलं, "आजी, झोप चांगली लागली का गं?"

मी म्हटलं, "उशी बरी आहे. चेन गालाला टोचली नाही म्हणजे मिळवली."

बोलून गेले आणि जीभ चावली. तिने कानातली बोंडं काढली, माझ्याकडे पाहत राहिली, आणि पुन्हा घातली. खाली कुठल्या तरी गावाचे दिवे हळूच मागे सरत होते. आमच्या दोघींचं त्या गावात काहीच काम नव्हतं, तरी ते दिसेनासं होईपर्यंत आम्ही दोघी पाहत होतो.

तुझी ताई

ता. क. सोमवारपासून माझ्या खुर्चीवर नात बसते. मीच बसवलं. तिने निदान एकदा तरी नको म्हणायचं होतं. एकदाही म्हणाली नाही.

आणखी एक, आणि पत्र खरं यासाठीच. भावजींनी दुकान मुलाच्या ताब्यात दिलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्यांनी काय केलं? माझा चहा होतो आणि पुढे नुसता दिवस उभा राहतो. तुला विचारण्यात अर्थ नाही, तू अजून सुनेला कपाटाची किल्ली दिलेली नाहीस. तेव्हा उत्तर भावजींनी लिहायचं, स्वतःच्या हाताने. तू मध्ये एक ओळही घालायची नाही.