गोदामाची पाटी आणि दोघींचे डोळे

प्रिय आई,

आज श्रेयाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. नंबर वाढला नाही! लॉकडाऊनमध्ये चष्मा लागल्यापासून पहिल्यांदाच तो जागच्या जागी थांबलाय. तुमच्या लेकाला फोन केला, तर "बरं झालं" म्हणाले आणि ड्युटीला लागले. एवढी मोठी बातमी एवढ्यावर कशी संपवायची? डायरीत लिहायला बसले आणि वाटलं, ही बातमी तर तुमच्या हक्काची.

आठवतंय? दापोड्यातली गोदामं बंद, ट्रक ओळीने उभे, आणि आपली आठ वर्षांची श्रेया पलंगाच्या कोपऱ्यात मोबाइल नाकाला लावून ऑनलाइन शाळेत. मी कौतुकाने म्हणायचे, "किती मन लावून बघते!" मन कसलं? तिला दिसतच नव्हतं!

मला शंका आली तेव्हा परीक्षा तुम्ही घेतलीत. तिला गॅलरीत उभं केलंत आणि समोरच्या गोदामाकडे बोट दाखवलंत. "वाच गं, काय लिवलंय?"

"गुलमोहर ट्रान्सपोर्ट!"

"बग, वैशाली! घारीची नजर हाय पोरीची. तुला उगाच येड लागलंय."

दर रविवारी हीच परीक्षा, आणि दर रविवारी पोरगी पास.

मग गोदाम एका बिस्किटवाल्याने घेतलं आणि पाटी नवी रंगवली. त्या रविवारी मी चहा घेऊन तुमच्या मागे उभी होते. श्रेया म्हणाली, "गुलमोहर ट्रान्सपोर्ट!" तुम्ही म्हणालात, "शाब्बास!" आणि समोर हातभर लाल अक्षरांत बिस्किटं!

"आई, पाटी बदललीय."

"न्हाय गं, तीच हाय. मी बगतेय ना!"

जन्मापासून समोर असलेली पाटी नातीला पाठ होती आणि आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. आपण तिघी गॅलरीतच बसून पोट धरून हसलो. हसू थांबल्यावर तुम्ही हळूच विचारलंत, "माज्यामुळं पोरीचे म्हयने गेले का गं?"

मी घाईने "नाही" म्हणाले. डॉक्टरांनीही कुणा एकाला दोष दिला नाही. चष्मा मलाही आहे, तिचा माझ्याकडूनच आला असेल. त्यात मोबाइल, त्यात बंद घर. पण आई, थोडी रागावले होते मी. दिसत नाही हे तुम्ही लपवलंत कशाला? ऑपरेशनला घाबरत होतात, कबूल करा!

शेवटी एकाच रिक्षातून दोघींना नेलं. तुमचं ऑपरेशन ठरलं, तिला चष्मा लागला. घरी येऊन ती रडायला लागली तेव्हा तुम्ही भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट केलंत. निळा कोट, गोल चष्मा. "त्यांना न्हाय का? वाचून वाचून लागला."

हुंदके देत ती म्हणाली, "आजी, त्यांना पुस्तकानं लागला, मला मोबाइलनं!"

मुलांनी रोज उजेडात बाहेर असावं, नंबर वाढायचा वेग त्याने कमी होऊ शकतो, असं डॉक्टर म्हणाले. तुम्ही ते औषधासारखं पाळलंत. ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून तुम्ही तिला गोदामांमागच्या मैदानात न्यायचात. हमाल चिडवायचे, "अम्मा, हीरोइन बन गई क्या?" तुम्ही म्हणायचात, "हां, और ये मेरी ड्रायव्हर हाय!"

गेल्या वर्षी तुम्ही गेलात आणि संध्याकाळ रिकामी झाली. त्या रिकाम्या वेळेची मला भीती वाटली, म्हणून मी त्या वेळात तिला क्लास लावला. पुढच्याच तपासणीत नंबर टुणकन वर. दोष क्लासचा की वाढत्या वयाचा? अजून कळत नाही. श्रेयाच म्हणाली, "आई, आजीची ड्युटी आता तू घे." क्लास सकाळी हलवला. आता ती मुलींबरोबर क्रिकेट खेळते आणि मी कडेला बसते.

नंबर थांबला तो मैदानामुळे, की गेल्या तपासणीत डॉक्टरांनी डोळ्यांत घालायला दिलेल्या थेंबांमुळे? खरं सांगते, माहीत नाही. डॉक्टरही म्हणाले, "पुढच्या वेळी बघू." पण आनंद लगेच मानून मोकळं व्हायची तुमची सवय मला आज हवीशी वाटली. येताना जिलेबी घेतली.

पुढच्या वर्षी दहावी. क्लासच्या सरांनी आत्ताच बजावलंय, "मॅडम, संध्याकाळची बॅच कंपल्सरी." कालपर्यंत मी डळमळत होते. पोरीचे मार्क गेले तर? आणि डोळे गेले तर?

आज शब्द देते, आई. दहावीच्या वर्षीही तिची उजेडातली संध्याकाळ मी कुणाला देणार नाही. सरांशी भांडावं लागलं, तर तुमच्या आवाजात भांडेन.

हे मैदानाच्या कडेला बसूनच लिहितेय. श्रेया ओरडतेय, "आई, अजून एक ओव्हर!" मी मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकलंय.

तुमची सून,
वैशाली