लाईट गेल्यावरची गोष्ट

फुलसावंगी,
पितृपक्षातली अष्टमी

प्रिय कपिल,

अनेक आशीर्वाद. मॅट्रिक झाल्यापासून माझं लिहिणं म्हणजे दुधाचा नि किराण्याचा हिशेब, तेवढंच. अक्षर वाकडं आलं तर हसू नकोस. फोनच करणार होते, पण तू मध्येच "थांब ताई, शॉट लागला" म्हणतोस आणि माझं अर्धं बोलणं पोटातच राहतं. शिवाय आमच्या घरात फोनवरचा शब्द ओसरीपर्यंत ऐकू जातो. कागद बरा.

इकडे सोयाबीन काढणीला आलं आहे. तू तिकडे, म्हणून आईचं पान काल मीच ठेवलं. कावळा लगेच शिवला. तुझ्यासाठी खोळंबून राहायचं नाही, हे तिला जिवंतपणीच कळलं होतं. रागावून लिहीत नाही रे. दमले आहे. गुरुवारची पोथी वाचतानासुद्धा हल्ली ओळ सुटते.

आईवरून पुंडलिकरावांची ओसरी आठवली. गल्लीत तेवढाच टीव्ही, आणि मालिका रंगात आली की लाईट जायची. पण कोणी उठत नसे. पुंडलिकराव हाक मारत, "कपिल, चालू कर बाबू तुझा टीव्ही!" तू कंदील घेऊन त्या बंद टीव्हीपाशी उभा राहायचास आणि पुढची गोष्ट सांगायचास. एकदा तू मालिकेतला थोरला भाऊ मारून टाकलास, आई पदर लावून रडली. पुढच्या आठवड्यात तो टीव्हीवर धडधाकट हिंडत होता. आई म्हणाली, "टीव्हीवाल्याईनं चुकीचं दाखवलं." आपल्या घराचं हे असंच आहे बघ. तू सांगितलंस तेच खरं.

मग उमरखेडच्या कॉलेजातली नाटकं, मग मुंबई. किती वर्षं दुसऱ्याच्या सेटवर पाटी धरलीस. तुझं नाव पहिल्यांदा टीव्हीवर आलं तेव्हा इतक्या झरकन गेलं की आई "पुन्हा लाव" म्हणत राहिली. पुढे तू डायरेक्टर झालास, स्वतःची कंपनी काढून प्रोड्यूसर झालास, तोवर ती राहिली नाही. मागच्या दिवाळीला आलास तो नुसता झोपून होतास. उठून म्हणालास, "ताई, मी कायचा डायरेक्टर? मेस चालवतो. रोज डबा भरायचा, तिखट किती टाकायचं ते चॅनल सांगते." मी हसले, पण तुझे डोळे पाहून मला काही हसू पेललं नाही.

डिशचा मी सगळ्यात लहान पॅक ठेवला आहे, त्यात भजनाचं चॅनल आणि तुझं. मोनाली माहेरी परत आल्यापासून साडेसातला दिवा लावून आम्ही मायलेकी बसतो. तुझ्या मालिकेतली शर्वरी सासर सोडून माहेरच्या दारात उभी राहिली त्या दिवशी तुळसाबाई भिंतीवरून ओरडली, "वो विमलताई, तुमच्या मोनालीचंच दाखवून राह्यला न कपिल!" तू फोनवर खोदून खोदून विचारलं होतंस, मोनाली दारात आली तेव्हा हातात काय होतं, तेव्हाच मी समजायला हवं होतं. मोनालीच्या हातात तिनं सासरी घातलेल्या लोणच्याची बरणी होती. शर्वरीच्या हातात तू बाळकृष्ण दिलास. मोनाली खूप दिवसांनी हसली. म्हणाली, "मामानं माह्या लोणच्याचा देव केला." तुझ्यावर रुसली नाही ती. उलट तेव्हापासून शर्वरीचं जे होईल ते आपलं, असं धरून बसली आहे.

तुझी गोष्ट चुकली असं मी म्हणत नाही. सासू टोचून बोलते, नवरा गप्प बसतो, एवढंच मी तुला सांगितलं होतं, कारण मलाही तेवढंच माहीत होतं. श्रावणात मोनालीच्या डोक्याला तेल लावत होते. कानामागे केस नाहीत, टाक्यांची खूण आहे. "पाटा लागला," म्हणाली. कानामागे पाटा कसा लागतो, कपिल? मी तेल लावत राहिले. मग तिनंच सगळं सांगितलं. जावई गप्प बसणारा नाही, हात उचलणारा आहे.

मी यांना सांगितलं. हे जेवता जेवता म्हणाले, "आता सोताहून न्यायले येतो म्हणतेत, तं काहून अडवतं? जन्मभर घरी ठेवतं काय पोरीले?" दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येणार आहेत तिच्या सासरचे. मी माहूरला जाऊन रेणुकेपुढे उभी राहिले. आजवर मागितलं नाही ते मागितलं, की माझ्या लेकीचं सासर सुटू दे. असं मागणारी आई तिनं तरी पाहिली असेल का?

आणि परवा तुझी जाहिरात लागली. दसऱ्याचा महाएपिसोड, नवरा हात जोडतो, शर्वरी सोनं लुटून त्याच्या गाडीत बसते. मोनाली उठली, माळ्यावरची बॅग काढली, पुसून उन्हात ठेवली. म्हणाली, "मामाले समजते सारं. त्यानं शर्वरीले पाठवलं म्हणजे काही पाहूनच पाठवलं असन." बॅग अजून अंगणात आहे. मी उचलून आत ठेवत नाही, तीही ठेवत नाही.

शर्वरीला गाडीतून उतरव असं सांगायला मी हे लिहायला बसले होते. पण लिहिता लिहिता तुझी ती मेस आठवली. तुझ्या हातात नसेल. शूटिंगही होऊन गेलं असेल. मग एवढंच कर. दसऱ्याला तुझा भाग संपला की मोनालीला फोन लाव. शॉट लागला म्हणून मध्ये ठेवू नकोस. लाईट गेली आहे असं समज, आणि पुढची गोष्ट तू तिला तुझ्या तोंडानं सांग. तिला सांग की टीव्हीवाल्यांनी चुकीचं दाखवलं. माझं ऐकणार नाही ती, तुझं ऐकेल.

अंधारात तुझ्यासमोर बसून ऐकणारी,
तुझीच
विमलताई