परसातल्या दोन पपया

॥ श्री ॥

ब्राह्मणपुरी,
६ एप्रिल २०२५

चि. सौ. रूपा हिस आबाचे अनेक आशीर्वाद.

फोन लावत जाऊ नकोस माय. कानात नुसता भुंगा भुणभुणतो आणि मी आपला हो हो करतो. कागद परत परत वाचता येतो. तुझी आई गेल्यापासून ही दुसरी अक्षय्य तृतीया, दुसरी आखाजी, घरात बोलायला पालीशिवाय कोणी नाही.

तिनं परसात पपईच्या बिया टाकल्या होत्या, त्यातली तीन झाडं जगली. एकाला नुसते फुलांचे लोंबते झुपके, फळ काही नाही. शेजारचा दोधू म्हणाला, हा फुकट पाणी पिणारा पाहुणा आहे, काढा. काढला. आता उरलेल्या दोघींना फुलं येतात आणि गळून पडतात. वांझोट्या निघाल्या मेल्या. आखाजीनंतर कुऱ्हाड लावतो.

येत्या वीस तारखेला जावई योगेंद्ररावांकडची मंडळी पंच घेऊन येणार आहेत. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही, त्यांना दुसरं लग्न करायचं आहे. दोष आमच्या मुलीत आहे असं चार माणसांत कबूल करा, म्हणजे सोडचिठ्ठी गोडीत होईल, असा निरोप आहे. आपलीच बाजू लंगडी, तोंड कसं वर करणार? मी हो म्हणेन म्हणतो. तू मनाला लावून घेऊ नकोस. आखाजीला मात्र माहेरी ये.

तुझी वाट पाहणारा,
आबा

विसरवाडी,
१२ एप्रिल २०२५

ती. आबांस रूपाचा शि. सा. नमस्कार.

झाडांना हात लावू नका! अहो, आईच्या त्या पपईत नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. लोंबते झुपकेवाला नर होता, पराग त्याच्याकडे होते. तोच तुम्ही तोडलात. पराग मिळाले नाहीत तर मादीचं फूल गळणारच, तिनं काय करावं? तुम्ही जन्मभर कापूस केला, त्याच्या एकाच फुलात दोन्ही असतं, म्हणून फसलात.

हाच पुनरुत्पादनाचा धडा मी सध्या दहावीच्या जादा तासाला शिकवते. आधीचे सर 'घरी वाचा' म्हणून पानं उलटायचे. मी अंडाशय, शुक्रपेशी, इस्ट्रोजेन सगळं फळ्यावर लिहिते. पोरं खुसखुसतात, त्याचं काही नाही. पण शिक्षकांच्या खोलीत कोणी तरी म्हणालं, हिला स्वतःला नाही आणि ही शिकवते. तेव्हापासून डबा रिकाम्या वर्गात बसून खाते. माझी एकटीची खोली हायवेला लागून आहे. ट्रक गेला की मांडणीवरची भांडी वाजतात, तेवढीच सोबत.

आबा, चार वर्षं हार्मोनच्या सुया मी टोचून घेतल्या. माझ्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. डॉक्टरांनी यांना बोलावलं, तर सासूबाई म्हणाल्या, आमच्यातले पुरुष असल्या तपासण्या करत नाहीत. आईला ठाऊक होतं. तुमच्याशी बोलायची लाज वाटली. पंचांपुढे काय बोलायचं ते तुम्ही ठरवा.

आखाजीला येत नाही. गल्लीतल्या बायका ओटी भरताना मला ओलांडून पुढे जातात. आई होती तोवर सोसवत होतं.

गोळ्या वेळेवर घ्या, माया असू द्या.
तुमची रूपा

ब्राह्मणपुरी,
२१ एप्रिल २०२५

चि. रूपा हिस आबाचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून घास गोड लागला नाही. पोरी, एवढ्या सुया!

काल मंडळी आली. विहीणबाईंनी सुरुवात केली. मी म्हटलं, मला ऐकू कमी येतं, जरा मोठ्यानं सांगा, योगेंद्ररावांची तपासणी झाली का? त्यांच्या गावचे पंच उदेसिंगदादा हसून म्हणाले, पुरुषाची कसली तपासणी? मग सगळ्यांना परसात नेलं. पपया दाखवल्या, नर मीच तोडला तेही सांगितलं आणि विचारलं, आता सांगा, वांझ कोण? सोडचिठ्ठी खुशाल घ्या, पण मन्ही पोरवर दोष ठेवून मिळणार नाही, असं मी ठणकावलं. चहा तसाच राहिला. मला वाईट वाटलं नाही.

आज सकाळी दोधूच्या शेतातल्या पपईची फुलं आणून कापसाच्या बोळ्यानं पराग लावले. दोधू म्हणतो, आबा या वयात पपईनं लगीन लायी ऱ्हायना. लावतोच आहे पपईचं लग्न!

निंबाला झोका बांधलाय. आखाजीला ये. बायका बोलल्या तर बोलू दे, मी बहिरा आहे, तूही चार दिवस बहिरी हो.

फळ धरो ना धरो, झाड मन्हं शे, माझंच आहे. कुऱ्हाड दोधूला देऊन टाकली.

तुझाच,
आबा