बुबुळाची सोनेरी कड

३ जुलै, दुपार

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. माझे आशीर्वाद घेणं तू बंद केलं असशील, तर तेवढे सोडून पुढचं वाच. पण वाच.

इकडे सगळं ठीक. तुझी वहिनी माझ्याशी भांडते आहे, म्हणजे तिची तब्येत उत्तम. अक्षर तिचंच, मी बोलतोय, ती लिहितेय आणि मध्येच "हे कशाला?" म्हणून खोडतेय. दुकान सध्या बंद ठेवलंय. घड्याळजीचाच हात थरथरायला लागला, की गिऱ्हाईक म्हणतं, "राहू द्या, मोबाइलवर बघतो वेळ."

मला वाटलं, वय झालं. वहिनीला वाटलं, चोरून पितो. बारीक स्क्रू दिसेनात म्हणून शेजारच्या चष्मेवाल्याकडे गेलो. त्याने डोळ्यांत दिवा मारला आणि भिंगांची पेटी मिटूनच टाकली. "काका, चष्म्याचं राहू द्या. आधी मोठ्या डॉक्टरांकडे जा."

तांबं निघालं. हसू नकोस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तांबं, जस्त असलं काहीबाही प्रत्येकाच्या अंगात चिमूटभर असतंच, त्याच्यावाचून चालत नाही. पण अन्न जिरतं, तांब्याचा अणू जिरत नाही. तो जळत नाही, कुजत नाही, मोडत नाही. त्याला फक्त बाहेर घालवता येतं, आणि माझ्या यकृताला नेमकं ते दारच नाही. मग तो साठत गेला. आधी यकृतात, मग मेंदूत, मग डोळ्यांत. गाठीला काही बांधत नाही म्हणून बाबा जन्मभर मला बोलले. बघ म्हणावं आता.

गोळ्या चालू आहेत. हात पूर्वीसारखा होईल का, असं विचारलं की बाई पाणी पितात.

वहिनी म्हणतेय, "आता सांगा ना मेलं एकदाचं!" सांगतो.

जावईबापूंनी त्या दिवशी तुझ्यावरची कविता वाचली, 'तुझ्या बुबुळांना सोन्याची कड'. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "कड चष्म्याला असते, जावईबापू. डोळ्याला असेल तर डॉक्टरला दाखवा." लोक पोट धरून हसले. तू उठून गेलीस ती गेलीसच.

परवा मी आरशात ती कड पाहिली. माझ्या डोळ्यांत. पुसट, सोनेरी, चांगली देखणी. कवी म्हणून ते कसेही असोत, त्यांनी बघितलं मात्र नीट होतं.

हा दोष आईबाबा दोघांकडून मिळून येतो. सख्ख्या भावंडाला असण्याची शक्यता चारात एक. तुझे हात अजून स्थिर असतील. आत्ताच कळलं तर नुसत्या गोळ्यांवर भागतं, पुढचं काही होत नाही, असं बाईंनी पुन्हा पुन्हा सांगितलं. मी पुन्हा पुन्हा विचारलं म्हणून.

फोन तुम्ही दोघंही उचलत नाही. आणि हे पत्र तू माझा आणखी एक विनोद समजून फाडशील, या धास्तीने प्रत्येक वाक्य वहिनीकडून दोनदा वाचून घेतोय. जन्मभर टवाळी केली. आता खरं सांगायला गेलो तर तोंडच टवाळाचं. म्हणून वहिनीला लिहायला बसवलं. तिला विनोद कळतसुद्धा नाहीत, तुला ठाऊक आहे. (हे तिने खोडलं नाही. रडतेय.)

पत्र मिळेल त्याच दिवशी जा. डोळे दाखव, रक्त दे. काही निघालं नाही, तर चारचौघांत माझी हवी तेवढी टर उडव. जावईबापूंना म्हणावं, माझ्यावर लांबलचक कविता करा. समोर बसून शेवटपर्यंत ऐकेन.

फक्त जा गं.

तुझा,
फार भ्यालेला
दादा