लोकराज्यातला पहिला दसरा

केळगाव संस्थान,
दसऱ्याचा दुसरा दिवस, १९३४

तीर्थरूप अण्णांस सगुणाचा साष्टांग नमस्कार. हा एवढा मनापासून आहे. बाकीच्या नमस्कारांची काल शिसारी आली.

केळगावच्या प्रजेने राजाला गादीवरून उतरवून लोकराज्य केले, हे सोलापुरात वाचून तुम्ही घाबरला असाल. इथे दंगा नाही. माझी मुलींची शाळा रोज भरते, जेवणाचे हाल नाहीत.

पण काल दरबारात काय पाहिले! राजाची गादी अडगळीत टाकायचे ठरले होते. निवडून आलेले अध्यक्ष धोंडोपंत वकील त्याच गादीवर लोडाला टेकून बसले. ज्यांनी हात वर करून त्यांना निवडले, तेच रांगेने आपट्याचे सोने देऊन लवून मुजरे करत होते. एकाने तर उपरण्याने त्यांचे जोडे पुसले.

रांगेत उतरवलेले राजेसाहेबही होते. त्यांनी सोने दिले, "बरं चाललंय ना, वकीलसाहेब?" म्हणाले आणि ताठ मानेने निघून गेले. त्यांना वाकायची सवयच नाही ना!

आईचा खोकला कसा आहे? गिरणीकडची खिडकी लावून घेत जा म्हणावे.

एक सांगायचे राहिले. राजेसाहेबांच्या मागे मीच उभी होते. मी वाकले, अण्णा.

तुमची,
सगुणा