गेलता म्हणजे मेला नाई

देवळी, सोमवार

तुह्या आज्याले तू जित्तेपणी मारलं. आधी ते निस्तर, आशीर्वाद मंग.

चिरंजीव रत्नदीप, जय भीम.

मी फोनमध्ये बोलून निरोप धाडला होता, "बुढा काल सावंगीले दवाखान्यात गेलता." तुह्याकडून लगेच आलं, "आजोबांच्या आत्म्यास शांती लाभो. या दुःखात मी आपल्यासोबत आहे." बुढा बाजूलेच चहा पिऊन राह्यलता. त्याले वाचून दाखवलं. म्हणे, "शांती तं लाभली वं बुढे, चहात साखर नाई."

अन् आत्मा? आपण आत्मा मानतो का रे? छप्पन साली बापाच्या खांद्यावर बसून नागपूरले दीक्षेले गेलता तुहा आजा. हेही नको सांगू त्या फोनले, नाईतं तेव्हाच मेला म्हणीन.

मले वाटलं, पुण्यात राहून तू बोली विसरला. मंग तुह्या बहिणीनं, जागृतीनं, सांगतलं, "आजी, दादा नाई लिवत ते. घरच्या निरोपाले फोनच जवाब देते, त्यानं तसं लावून ठेवलं हाय." तरीच! मी म्हणो, हा पोरगा मले 'काळजी घ्या' कधीपासून म्हणाले लागला.

मशीनचा राग नाई मले. जातं गेलं, चक्की आली, माह्या खांद्याले बरंच वाटलं. तण माराचा फवारा आला, निंदणाच्या बाया घरी बसल्या, तेही पाहून झालं. आता थकली मी नवं नवं पाहून. पण हे तुहं नवं नाई.

माह्या मायले अक्षर येत नव्हतं. पत्र लिवाले ती गावातल्या मास्तरकडे जाये. ती सांगे, "भाऊ, मले घेऊन जा, इथं लय मार बसते." मास्तर लिवे, "इकडील सर्व क्षेम आहे." लय वर्षांनी मामा म्हणे, "बाई, तू तं सुखात हाय असंच लिवून येत होतं." तवा मायनं मले रेटून रेटून चौथीपर्यंत शाळेत धाडलं. आपलं दुखणं आपल्या हातानं लिवता याले पायजे म्हणून.

अन् तू इंजिनेर होऊन पुन्हा मास्तर ठेवला.

बुढा दवाखान्यात काऊन गेलता, हे तुह्या फोननं विचारलं नाई. गळ्यात गाठ हाय. येत्या सोमवारी ऑपरेशन. जीव वाचते म्हणतात, पण आवाजाची पेटी काढा लागते. मंग बोलणं बंद.

बुढा मिठाच्या पाण्यानं गुळण्या करून राह्यला सकाळपासून. मी म्हटलं, "आता काय गाणं म्हणतं?" म्हणे, "पोराचा फोन आला तं आवाज नीट निंगला पायजे."

जागृती आज पुण्याले निंगून राह्यली, तिच्या हाती हे देऊन राह्यली. माह्यासाठी काई लिवू नको. रविवारच्या आधी फोन कर. मी उचलणार नाई, बुढा उचलन. त्याले काई सुचलं नाई तं तू बोलत राहजो, पण ठेवू नको.

तुही आजी,
तानाबाई

तो "कोण?" म्हणीन. जवाब तूच देजो.