डाव्या हाताची बटणं

२० नोव्हें. ९८
उजवं मनगट प्लास्टरमध्ये. काल स्टुडिओच्या जिन्यात पाय घसरला, पडताना हात खाली टेकला. हाडाला चीर. डॉक्टर म्हणाले, नवीन वर्ष उजाडेपर्यंत हा हात विसरा.
जयंतीभाई बघायला आले. स्टुडिओ त्यांचा, पण चेहरा माझ्यापेक्षा पडलेला. दिवाळीनंतर लग्नाच्या व्हिडिओंच्या एडिटिंगला कॉम्प्युटर घेतला, व्हीसीआर जोडून कॅसेटी जुळवायचे दिवस संपले असं अख्ख्या कतारगाम भागाला सांगून झालं. आणि तो चालवता येणारी मी एकटीच. लग्नसराई सुरू.

२२ नोव्हें., रवि.
परवापासून हे डाव्या हाताने लिहितेय. अक्षर झुलतंय, पण वाचता येतंय. वाटलं होतं नुसत्या रेघोट्या निघतील. गंमत आहे.
शेजारून सत्यनारायणाचा प्रसाद आला. डावा हात पुढे केला. आईने वाटी मधेच स्वतःकडे घेतली आणि मला भरवलं. एकोणतिसाव्या वर्षी!

२४ नोव्हें.
दादाने स्कूटरवरून स्टुडिओत सोडलं. माउस डाव्या हातात घेतला तर बटणं कोण दाबणार? शॉट सुरू कुठे, संपतो कुठे, ते ठरवायची बटणं आय आणि ओ. दोन्ही कीबोर्डच्या उजव्या अंगाला. माउस सोड, हात पलीकडे ने, बटण दाब, परत माउस. सकाळभरात फक्त पीठीचा कार्यक्रम झाला, म्हणजे आपली हळद.
लग्न नैरोबीच्या पाहुण्यांचं. नवरी पुढच्या शुक्रवारी विमानात बसणार, कॅसेट बरोबर हवी.
ज.भाई हळूच: ‘सुषमाबेन, मुंबईथी माणस बोलावी लऊं?’
बोलावलेला माणूस परत जातो का?

२५ नोव्हें.
कॉम्प्युटरसोबत आलेलं जाड पुस्तक चाळलं. शेवटच्या पानांत सापडलं, बटणं बदलता येतात! कुठलंही काम कुठल्याही बटणाला. म्हणजे सगळी कामं डाव्या बाजूला आणायची. माउस जमेल तितका विसरायचा.
मग कुठल्या बोटाला काय? दुपारभर स्वतःवरच पाळत ठेवली. मला वाटायचं मी जास्तीत जास्त वेळ कापते. तसं नाही. मी सारखी मागे जाते. पुन्हा बघते, पुन्हा मागे. म्हणून ‘मागे’ला पहिलं बोट, एफ. ‘पुढे’ डी. सुरू एस, शेवट ए. कापायचं अंगठ्याला, लांबलचक स्पेसवर.
असं कुणी करत असेल का? की मीच

२६ नोव्हें.
स्टुडिओचा कीबोर्ड दगडासारखा. डाव्या करंगळीने दाबता दाबेना. आमचा कॅमेरामन हसमुख, त्याच्याबरोबर रिंग रोडला गेले. दुकानात तीन बघितले. एक इतका मऊ की चिखलात बोट घातल्यासारखं. एक दिसायला देखणा, पण बटणं खेटून, दोन एकदम दाबली जातात. तिसरा टाइपरायटरसारखा टकटक वाजणारा. डोळे मिटून तिन्हींवर बोटं चालवून पाहिली. दुकानदार हसमुखला: ‘बेन भगवानने याद करे छे?’ हसमुख बाहेर जाऊन उभा राहिला.
टकटकवाला घेतला. बटण लागलं की नाही ते कानाला कळतं, नजर पडद्यावरून हलत नाही. ज.भाई म्हणतात घोडा बांधलाय स्टुडिओत.

२८ नोव्हें.
एफवर टिकली चिकटवली, बोटाला घर सापडावं म्हणून. एसवर दुसरी. आता खाली बघावं लागत नाही. आज वरात आणि जयमाला दोन्ही झालं. हात कसा शिकतो ते बघत बसावंसं वाटतं. मी विचार करायच्या आत तो मागे गेलेला असतो.

१ डिसें.
सकाळी गडबड. ‘सेव्ह’ आणि ‘पुसा’ शेजारीशेजारी ठेवले होते, मूर्खपणा. फेऱ्यांचा अर्धा भाग गेला, पुन्हा जुळवला. ‘पुसा’ आता पार वरच्या ओळीत.
नवरीची आई येऊन शेजारी बसली. हे ठेवा, ते काढा, नणंद नको इतकी. मग पडदा सोडून माझ्या हाताकडेच बघत राहिल्या.
‘तमे डाबोडी छो?’
म्हटलं, नाही, प्लास्टरमुळे डावा वापरतेय.
‘ना रे. मारी आ छोकरी डाबोडी छे. नवा शिकलेला हात असा नाही चालत.’ अर्धं गुजराती, अर्धं माझ्यासाठी मराठी. पडद्यावरची नवरी तेव्हा डाव्या हाताने डोळे पुसत होती.

२ डिसें.
आईला विचारलं, लहानपणी मी डावरी होते का. भेंडी चिरत होती. ‘कोणाला आठवतंय.’ भेंडी चिरायची थांबली नाही. जरा जास्तच भराभर चिरली.

४ डिसें.
नैरोबीची कॅसेट गेली. वेळेत. नवरीच्या आईंनी स्टुडिओत बसून पूर्ण बघितली, नणंदेसकट. ज.भाई मुंबईच्या माणसाबद्दल काही बोलले नाहीत.

६ डिसें., रवि.
दादा जेवताना बोलून गेला, ‘तू दगड मारायचीस ना, धुळ्याला, चिंचेला. डाव्या हाताने. नेम कसला होता!’ आईने त्याला पाणी आणायला उठवलं.
भांडी घासताना मीच विषय काढला. मी एका हाताने विसळत होते. आईने कढई तळापासून घासली. मग म्हणाली, ‘सासरी पंगतीत डाव्या हाताने वाढलंस तर लोक ताटावरून उठतील असं वाटायचं. म्हणून तो हात बांधायचे फडक्याने. मऊ असायचं फडकं.’
मी रडायचे का?
‘नाही. नुसती बघत राहायचीस, हाताकडे.’
राग यायला हवा होता. आला नाही. तीन-चार वर्षांची मी हाताकडे बघत काय विचार करत असेन, एवढंच डोक्यात फिरतंय. आणि सासर तर अजून बघितलंच नाही.

४ जाने. ९९
प्लास्टर निघालं. उजवा हात बारीक, पांढरा, दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा. मनगट पूर्ण वळत नाही. डॉक्टर: वळेल, कदाचित सगळं नाही. आईने तेल कोमट करून चोळलं. ‘दुखस का?’ तिची अहिराणी अशा वेळीच बाहेर येते.

७ जाने.
कमुरता, म्हणजे इथला अशुभ महिना. लग्नं बंद, निवांतपणा. करून पाहिलं: माउस उजव्यात, बटणं डाव्यात. दोन्ही मिळून भलताच वेग! हसमुख बघायला आला. पण जेवणाच्या सुट्टीपर्यंत मनगट ठणकायला लागलं. फक्त डावा ठेवला तर वेग थोडा कमी, ठणका नाही.

९ जाने.
ज.भाई उतराणनंतर, म्हणजे संक्रांतीनंतर, दुसरं मशीन घेताहेत. नवीन मुलगा येणार, शिकून आलेला. ‘सुषमाबेन, बटणं पहेला जेवां करी दो, होती तशी. कोणीही कुठेही बसलं पाहिजे.’ त्यांचं चूक नाही. पण माझ्या मांडणीवर तो का शिकणार नाही, हे विचारलं. हसले. सोमवारपर्यंत सांगा म्हणाले.

१० जाने., रवि.
आई सकाळी म्हणाली, ‘तिथं तू नक्की करतेस काय, बघू तरी.’ स्टुडिओ बंद, पण किल्ली माझ्याकडे. घेऊन गेले. खुर्चीवर अवघडून बसली, पदर सावरून. एक लग्न पडद्यावर लावलं. ‘मी दाबू?’ एफ दाखवलं, मागे न्यायचं.
विदाय चालू होती, आपली पाठवणी. नवरी गाडीतून उलटी बाहेर आली, बापाच्या मिठीतून सुटली, अंगणातून उलट्या पावलांनी घरात शिरली. आई तोंडाला पदर लावून हसायला लागली. ‘अगं, परत आली की ही!’
पुन्हा लावायला सांगितलं. तीनदा. मग विचारलं, ‘पुढे न्यायचं कुठलं?’ डी दाखवलं. बोट त्याच्यावर ठेवून बसली, दाबलं नाही.
‘उद्या काय सांगणार तू जयंतीभाईंना?’
म्हटलं, अजून ठरलं नाही.
‘सावकाश ठरव,’ म्हणाली.